कानाल द्यु मिदी ग्रॅव्हल सायकलवर: तुलूझ ते सेत, कुठला भाग चालवावा, कुठला सोडावा

दक्षिण फ्रान्समधला हा कालव्याकाठचा रस्ता पर्यटनाच्या पुस्तिकांत सरसकट ‘सोपा, सपाट, मुलाबाळांसह करण्याजोगा’ म्हणून खपवला जातो. सपाट आहे यात वाद नाही. सोपा मात्र निम्माच. पुस्तिका वाचून पातळ टायरची सायकल घेऊन गेलेले कार्कासोनच्या पुढे मनगटं चोळत बसतात, आणि ग्रॅव्हलच्या, म्हणजे खडीच्या वाटेच्या, आशेनं गेलेले पहिले पन्नास किलोमीटर डांबर बघून हिरमुसतात. दोघांनाही दोष देता येत नाही. एका नावाखाली तीन-चार वेगळे रस्ते विकले जातायत.

कालवा 240 किलोमीटरचा. प्येर-पोल रिके या मिठावरचा कर गोळा करणाऱ्या माणसानं 1666 मध्ये राजाची मंजुरी मिळवली, 1681 मध्ये कालवा खुला झाला. रिके त्याआधी काही महिने वारला. काठची वाट होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती, म्हणून चढ नावालाच. सर्वांत उंच जागा नोरूझ, समुद्रसपाटीपासून 190 मीटरच्या आत. त्यामुळे गिअरची चिंता सोडा. इथे टायर, वारा आणि सावली या तीनच गोष्टींचा हिशोब.

तुलूझ ते पोर-लोरागे, सुमारे 50 किलोमीटर, पक्का डांबरी. चालवायला छान, पण ग्रॅव्हल म्हणून शून्य गुण. वेळ कमी असेल तर हा भाग सरळ ट्रेननं टाळा. तुलूझहून प्रादेशिक गाडी पकडून आव्हिन्योने किंवा कास्तेलनोदारीला उतरलं की झालं.

आमच्या मते या पट्ट्यातली सर्वांत चांगली खडी मुख्य कालव्यावर नाहीच. ती आहे रिगोल द ला प्लेन या पाटावर. डोंगरातलं पाणी नोरूझपर्यंत आणून कालव्याला पुरवणारा हा अरुंद पाट, लांबी 38 किलोमीटरच्या आसपास. सोबतची वाट झाडीतून, वळणावळणानं रेव्हेल गावाकडे जाते. खाली घट्ट माती आणि बारीक खडी, गर्दी तुरळक. रेव्हेलहून थोडा चढ चढलं की सां-फेरेओलचा तलाव, रिकेच्याच काळातलं धरण. तिथे पोहता येतं. नोरूझहून जाऊन-येऊन एक भरगच्च दिवस होतो. एकच इशारा: लोरागे या भागातली माती चिकण. पाऊस पडून गेल्यावर ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी लिंपते की चाक फिरेनासं होतं. टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर तरी जागा हवी, मडगार्ड असतील तर काढून ठेवा, आणि आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर त्या दिवशी शेजारच्या गावरस्त्यांनी जा.

नोरूझ ते कार्कासोन खडीचा, बहुतेक बरा. टप्प्याटप्प्यानं काम चालू असतं, त्यामुळे मध्येच ‘देव्हियासियों’ची (वळणरस्त्याची) पाटी लागली तर निमूट वळा, नकाशावर रस्ता दिसतो म्हणून पुढे गेलं तर परत फिरावं लागतं. कार्कासोनच्या पुढे, विशेषतः त्रेब ते ल सोमाय, खरी परीक्षा. वाट काही ठिकाणी हातभर रुंद उरते, एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला कठडा नसलेलं पाणी. काठच्या प्लेन (चिनारच्या जातीतल्या) झाडांची मुळं जमिनीतून आडवी वर आली आहेत. अशा मुळावर चाक तिरकं चढवलं तर घसरतं आणि घसरण्याची दिशा थेट कालव्याकडे असते. मुळं काटकोनात ओलांडा, त्या क्षणी ब्रेक दाबू नका, वजन सीटवरून उचलून पायांवर घ्या. संध्याकाळी सावल्या लांबल्या की मुळं दिसतच नाहीत, तेव्हा हा भाग दुपारी चारच्या आत उरकलेला बरा.

टायर 40 मिलिमीटर, ट्यूबलेस. माणूस 70 किलोचा आणि सामान 10 किलो असेल तर हवा मागे 36-38 पीएसआय, पुढे 32-34. ट्यूब वापरणार असाल तर 5 पीएसआय वाढवा, नाहीतर मुळाची धार आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटून दोन समांतर भोकं पडतात. दुसरं संकट आपल्या चांगल्याच ओळखीचं: सराटा. माळावर अनवाणी पायाला टोचणारी तीच वनस्पती भूमध्यसागराच्या काठीही उगवते, आणि उन्हाळा सरताना तिचे काटे कडेच्या कोरड्या धुळीत पसरतात. प्रत्येक चाकात सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) ताजं हवं. काटा रुतलेला दिसला तर उपटायची घाई नको, चाक फिरवून तो भाग खाली आणा, मग काढा, म्हणजे सीलंट भोकाशी पोचतं. दोन स्पेअर ट्यूब तरीही बाळगा. खेड्यांत सायकलचं दुकान मिळेलच असं नाही, ती तुलूझ, कार्कासोन, नार्बोन, बेझिएला.

सावलीबद्दल जुने फोटो विसरा. 2006 मध्ये या कालव्यावर प्लेन झाडांना जडणारा बुरशीचा रोग सापडला आणि तेव्हापासून हजारोंनी झाडं तोडावी लागली. नवी लावली आहेत, पण ती अजून पोरं आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये मोकळ्या पट्ट्यांत पारा 35 च्या वर जातो, म्हणून मे, जून किंवा सप्टेंबर निवडा. पाणी तीन लिटर धरून चला. लॉकवरच्या (होड्या वर-खाली नेणाऱ्या जलदरवाजांपाशी असलेल्या) नळाला ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं नाही. गावात काहीच उघडं नसेल तर स्मशानभूमीत नळ बहुधा असतो. स्थानिक सायकलवालेही तिथेच बाटल्या भरतात, संकोच नको.

वारा पाहून दिशा ठरवा. पश्चिमेकडून येणारा कोरडा सेर्स कार्कासोनपासून समुद्रापर्यंत पाठीशी राहतो, म्हणून तुलूझकडून सेतकडे हीच दिशा शहाणपणाची. पण सुरुवातीच्या लोरागे भागात आग्नेयेचा ओतां वाहत असेल तर तो नेमका छातीवर येतो. अशा दिवशी तिथला डांबरी भाग ट्रेननं गाठण्याला आणखी एक कारण मिळतं.

पाहण्यासारखं पुष्कळ, पण दोन ठिकाणी सायकल टेकवाच. माल्पाचा बोगदा, टेकडीच्या पोटातून काढलेला, दीडशे मीटरहून थोडा लांब. सायकलची वाट वरून जाते. आणि बेझिएच्या अलीकडे फोन्सेरानची जिन्यासारखी लॉकची रांग, जिथे होड्या सुमारे 21 मीटर खाली उतरतात. गंमत अशी की त्याआधीच्या 54 किलोमीटरमध्ये एकही लॉक नाही. सायकलवाल्यासाठी याचा अर्थ: लॉकपाशी येणारे ते छोटे तीव्र चढ-उतार नाहीत, पण लॉकजवळची खाण्यापिण्याची ठिकाणंही नाहीत.

खाण्याचं वेळापत्रक पाळावंच लागतं. स्वयंपाकघर 12 ते 2 आणि मग थेट संध्याकाळी 7 नंतर. बेकऱ्या दुपारी बंद, बऱ्याच सोमवारी पूर्ण बंद. कास्तेलनोदारीच्या कासुलेचं (पांढऱ्या घेवड्याच्या रश्श्याचं) नाव मोठं, पण त्यात डुकराचं मांस आणि बदक असतं, आणि भर दुपारी खाल्लं तर पुढचे 40 किलोमीटर सायकल नाही, पोट ओढावं लागतं. शाकाहारी मंडळींनी गरम बकरी-चीजचं सॅलड, ऑम्लेट चालत असेल तर ते, आणि सकाळीच घेतलेला पाव व फळं यावर भिस्त ठेवावी. थेपले, चिवडा सोबत असेल तर कुणाचंही अडत नाही.

सायकल भाड्यानं घ्यायची तर एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याची सोय आहे का ते आधी विचारा. ताब्यात घेताना ब्रेक तपासा: फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्याकडच्या सवयीनं मागचा समजून घाईत दाबला तर खडीवर पुढचं चाक निसटतं. घंटी तिथे कायद्यानं लागते, आणि या अरुंद वाटेवर ती उपयोगीही पडते. मुक्कामासाठी ‘आक्यई व्हेलो’ची (सायकलवाल्यांचं स्वागत) पाटी पाहा, अशा जागी सायकल कुलूपबंद ठेवायची सोय आणि किरकोळ दुरुस्तीचं साहित्य असावं लागतं.

शेवटचा भाग, बेझिए ते आग्द आणि पुढे मार्सेयांच्या किनाऱ्यावरून सेत, बराचसा पक्का. समुद्र दिसतो एवढंच. खडीच हवी असेल तर ल सोमायच्या पुढे उजवीकडे फुटणारी कानाल द ला रोबीनची शाखा धरा. नार्बोन ओलांडलं की दोन खाऱ्या सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या बांधावरून वाट पोर-ला-नुव्हेलला पोचते. आडोसा अजिबात नाही, सेर्स जोरात असेल तर जाऊ नका. शांत दिवशी मात्र सेतपेक्षा हा शेवट कितीतरी सरस.

परतीला प्रादेशिक गाडीत सायकलचं तिकीट लागत नाही, पण जागा मोजक्या, आणि उन्हाळ्यात नियम बदलतात. अँतेरसिते या लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलचं आरक्षण सक्तीचं, 10 युरो. तेजेव्हे या अतिवेगवान गाडीनं पॅरिसला न्यायची तर चाकं काढून 130 बाय 90 सेंटिमीटरच्या पिशवीत. प्लॅटफॉर्मवरच पॅनियर (सायकलच्या बाजूच्या पिशव्या) उतरवून ठेवा. बऱ्याच डब्यांत सायकल पुढच्या चाकानं उभी टांगावी लागते आणि गाडी थांबते ती दोन-तीन मिनिटंच.