सेन्सोजी, टोकियो: दर्शन होत नाही, तरी जाच

टोकियोत असाकुसाला सेन्सोजी आहे, शहरातलं सगळ्यात जुनं बौद्ध देऊळ. गोष्ट अशी सांगतात की ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूर्ती आली आणि तिच्यासाठी हे देऊळ झालं. आता एवढ्या लांब गेल्यावर मूर्ती तरी बघू म्हणून मी आत गेले तर ती कुणालाच दाखवत नाहीत!! मुखदर्शन पण नाही. लोक पेटीत नाणं टाकतात, हात जोडतात, निघतात. रांगेत तासन् तास उभं राहायची सवय असलेल्या मला तर चुकल्यासारखंच झालं.

पहिल्यांदा अकरा वाजता गेले ती चूक. कामिनारीमोन म्हणजे बाहेरच्या मोठ्या दरवाजाच्या लाल कंदिलापासून नाकामिसेच्या दुकानांमधून नुसती अंगारकीची गर्दी. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले, देऊळ सहाला उघडतं (थंडीत साडेसहाला), तेव्हा कंदिलाखाली निवांत उभं राहता आलं. मान वर करून बघा, तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे, गर्दीत तो कुणाला दिसतच नाही.

अंगणात धुपाचं मोठं भांडं आहे. एक आजी दोन्ही हातांनी धूर ओढून आधी डोक्यावर आणि मग वाकून गुडघ्यांवर घेत होत्या, अगदी आपण आरती घेतो तसं, म्हणून मी पण कंबरेवर घेतला.

शंभर येन टाकून चिठ्ठी पण काढली. डबा हलवायचा, काडी बाहेर येते, तिच्यावरचा आकडा ज्या खणावर असेल त्यातला कागद आपला. माझं भविष्य वाईट निघालं. इथे तशा चिठ्ठ्या बऱ्याच निघतात म्हणे, तिथल्याच तारेला बांधून यायच्या, घरी आणायच्या नाहीत.

एक मात्र आहे, मुख्य देऊळ १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये जळलं, आत्ताचं १९५८ चं काँक्रीटचं आहे. जुनं काम बघायचं असेल तर बाजूलाच असाकुसा जिंजा (म्हणजे शिंतो देऊळ) आहे, १६४९ चं, ते वाचलं, आणि तिथे त्याच कोळी भावांची पूजा होते. तिथे टाळ्या वाजवून नमस्कार करतात, सेन्सोजीत नुसते हात जोडायचे, मी नेमकं उलट करून आले 😅

तिकीट नाही. पाचपैकी साडेचार.