गॅजिया क्लासिकसाठी सिलिकॉन गास्केट : १४ महिन्यांच्या वापरानंतर

कुकरची रिंग कडक झाली की कडेने वाफ फुसफुसू लागते, हे आपल्याकडे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. एस्प्रेसो यंत्रालाही तशीच एक रिंग असते आणि तीही तशीच थकते, हे मात्र मला गॅजिया क्लासिक हे घरगुती एस्प्रेसो यंत्र घेऊन दोन वर्षे झाल्यावर उमगले. ग्रुपहेडच्या, म्हणजे यंत्राच्या पाणी सोडणाऱ्या तोंडाच्या, खोबणीत बसणारी ही ८.५ मिलिमीटर जाडीची गास्केट पोर्टाफिल्टरमधील (कॉफी भरून यंत्राला अडकवायच्या मूठवाल्या भांड्यातील) ५८ मिलिमीटरच्या बास्केटच्या, म्हणजे छिद्रे असलेल्या वाटीच्या, काठावर घट्ट दाबली जाते, त्यामुळे पंपाने ढकललेले गरम पाणी कॉफीतूनच खाली उतरते, बाहेर निसटत नाही. मूळची रबरी गास्केट रोजच्या उष्णतेने आणि कॉफीच्या तेलाने हळूहळू कडक होते. पूर्वी माझ्यासमोर सरळ थांबणारी पोर्टाफिल्टरची मूठ दर महिन्याला थोडी अधिक उजवीकडे सरकू लागली होती, पण मी त्याकडे काणाडोळा केला. शेवटी एके सकाळी पोर्टाफिल्टरच्या बाहेरून तपकिरी ओघळ थेट कपात उतरला.

बदली म्हणून मी सिलिकॉनची गास्केट आणि सोबत शॉवर स्क्रीन, म्हणजे पाणी कॉफीवर सारखे पसरवणारी जाळी, मागवली. पहिल्या विक्रेत्याने ८ मिलिमीटरची गास्केट पाठवली. ती बसली, परंतु मूठ पूर्ण फिरवूनही पकड येईना. मागवताना केवळ यंत्राचे नाव न पाहता जाडीचा आकडा पाहावा, हा धडा मला परतीच्या टपालखर्चासह मिळाला.

खरी कसोटी नवी गास्केट बसवण्याची नसून जुनी काढण्याची आहे. यंत्र पूर्ण थंड करून, प्लग काढून, आधी शॉवर स्क्रीन आणि तिच्यामागची धातूची तबकडी उतरवावी लागते. माझ्या तबकडीच्या मागे काळपट, चिकट थर साचला होता आणि त्याला शिळ्या तेलाचा वास येत होता. आपण महिनोन्महिने चिकमगळूरच्या ताज्या बियांना नावे ठेवत होतो, हे तेव्हा लक्षात आले. गास्केट तर बॅकेलाइटसारखी झाली होती. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू गेलो, तेव्हा तिचे तुकडे पडले आणि खोबणीच्या कडेला एक ओरखडाही उठला. अखेर तिच्यात लाकडात बसवायचे दोन बारीक स्क्रू थोडे रुतवून, ते पकडीने खाली ओढले, तेव्हा उरलेला भाग बाहेर आला. पहिल्यापासून हाच मार्ग धरला असता, तर ओरखडा टळला असता. त्यानंतर खोबणीतील कॉफीचा वाळलेला चुरा जुन्या टूथब्रशने आणि लाकडी काडीने खरवडून काढण्यात अर्धा तास गेला. हा अर्धा तास वाचवू नये, कारण तळाशी खडा राहिला तर गास्केट एका बाजूने उचललेली राहते आणि गळती नव्या भागासह पुन्हा सुरू होते.

सिलिकॉनची गास्केट हाताच्या दाबानेच बसली; तिरकी कापलेली धार तेवढी वरच्या बाजूला ठेवावी लागते. ती मऊ असल्यामुळे मूठ अगदी कमी जोरात अडकते, ही तिची सर्वांत सुखद बाजू, आणि मला वाटते एकमेव धोकाही तोच. जुन्या रबराची सवय असलेला हात गरजेपेक्षा जास्त आवळतो, म्हणून पहिले काही दिवस स्वतःला आवरावे लागले. तिला ग्रीस लावू नये. सिलिकॉनचे ग्रीस सिलिकॉनलाच फुगवते.

आज १४ महिन्यांनी, रोज तीन-चार कप काढूनही, मूठ पहिल्या दिवशी जिथे थांबत होती तिथेच थांबते आणि गास्केट नखाने दाबली तर अजून दबते. याचे थोडे श्रेय आंधळी (बिनछिद्रांची) बास्केट लावून आठवड्यातून एकदा केलेल्या बॅकफ्लशिंगलाही, म्हणजे पाणी उलटे फिरवून केलेल्या सफाईलाही, द्यावे लागेल. शॉवर स्क्रीनमुळे चवीत फरक पडला का, हे मी सांगू शकत नाही, कारण त्याच दिवशी तबकडीही स्वच्छ झाली होती. जुनी स्क्रीन वाकलेली नसेल, तर ती धुऊन पुन्हा लावावी. गास्केटसाठी मात्र मी रबराकडे परत जाणार नाही. माझ्या खर्चात ती एक किलो चांगल्या बियांहून स्वस्त पडली, ८ मिलिमीटरचा तो परतीचा टपालखर्च धरूनही.