फिटची ओपीडी, महापालिकेचं हॉस्पिटल : गर्दी आहे पण कारण समजावून सांगतात

मुंबईतल्या महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या न्यूरॉलॉजी ओपीडीबद्दल लिहितेय, माझ्या धाकट्या भावाला फिट येतात म्हणून आम्ही तिथे जातो. आधी सरळ सांगते, गर्दी भयंकर आहे. सकाळी लवकर केसपेपरच्या लाइनीत लागलात तर दुपारपर्यंत सुटका, बसायला बाकडी कमी, आणि एमआरआयची तारीख इतकी पुढची मिळाली की शेवटी बाहेरून करून आणला. काही गोळ्या पण बाहेरूनच घ्याव्या लागतात.

तरीही पाचपैकी चार स्टार, कारण तिथे पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला हे का होतंय ते सांगितलं. त्याआधी सगळीकडे नुसती गोळी लिहून दिली, मग घरात ज्याला जे सुचेल ते, कोणी म्हणे गावच्या देवाचं काहीतरी राहिलंय, कोणी म्हणे मोबाइल फार बघतो, मोठी काकू तर म्हणाली आईने लाडावून ठेवलाय त्याचं हे सगळं. आई ऐकून घ्यायची आणि रात्री रडायची.

इथे डॉक्टर मॅडमनी एमआरआयमधला ठिपका आईला बोट लावून दाखवला. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे टेपवर्म जंताची अळी मेंदूत जाऊन बसते, तिच्याभोवती सूज येते आणि त्यातून फिट येते. आई म्हणाली, अहो आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही! तर मॅडम म्हणाल्या, "काकू, डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं तर जंत आतड्यात होतो. मेंदूत अळी जाते ती जंताच्या अंड्यांमुळे, आणि ती अंडी ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या शौचातून पाण्यात, भाजीवर, न धुतलेल्या हातावर येतात." म्हणजे शाकाहारी माणसालाही होऊ शकतं, आणि आपल्या देशात फिट येण्यामागे हे कारण बरंच सापडतं. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं, डोक्याला मार, मेंदूज्वर, पॅरालिसिसचा अटॅक, काहींच्यात जीन्स, अशी बाकीची कारणंही त्यांनी सांगितली, आणि जगभरात जवळपास निम्म्या पेशंटमध्ये कारण सापडतच नाही हेही लपवलं नाही. आईचा चेहरा त्या दिवशी इतका मोकळा झाला होता की मला तेवढ्यासाठीच हे लिहावंसं वाटलं.

लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी सुरू झाल्यावर भाऊ खूप चिडायला लागला, भांडी आपटायचा, आणि काकूचं सुरू झालं की आता डोक्यावर परिणाम झाला. मॅडम म्हणाल्या काही जणांना या गोळीनेच चिडचिड होते, पण मनाने बंद करू नका, एकदम थांबवली तर फिट वाढतात. मग हळूहळू गोळी बदलली. वर त्याला एकट्याला बसवून झोप कशी आहे, उदास वाटतं का विचारलं आणि मानसोपचार ओपीडीतही पाठवलं, कारण फिटच्या पेशंटमध्ये डिप्रेशन बऱ्याचदा असतं आणि ते कोणी विचारतच नाही. आता तो नीट आहे, कामावर जातो.

तिथल्या सोशल वर्कर ताईपण चांगल्या आहेत. आमच्या शेजारी एक आई मुलीच्या लग्नाच्या काळजीने रडत होती, तिला त्यांनी सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाला आड यायचा ते कलम 1999 मध्येच काढून टाकलंय. मला स्वतःलाही हे माहीत नव्हतं आणि खरं तर प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

जाणार असाल तर जुने रिपोर्ट घ्या आणि शक्य असेल तर फिटचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या, डॉक्टर आधी तोच मागतात. आणि फिट आली की कांदा, चप्पल, चावी काही नको, तोंडात काहीही घालू नका, माणसाला कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट हॉस्पिटल.