जुन्या जीपची दुरुस्ती: रत्नागिरीजवळचे एक गॅरेज

आमच्या बागेतून वर्षानुवर्षे आंब्याच्या पेट्या वाहणारी सीजे-३बी जीप गेल्या हंगामानंतर रत्नागिरी शहराबाहेरच्या एका गॅरेजात इंजिन आणि पत्राकामासाठी दिली होती. काम उत्तम झाले, आणि त्याचे श्रेय तिथल्या मिस्त्रींच्या हातांइतकेच त्यांना असलेल्या या गाडीच्या माहितीला आहे.

बॉनेट उघडताच त्यांनी इंजिन मूळचे आहे का, हे तपासले. दुसऱ्या महायुद्धात विलीज या अमेरिकी कंपनीने बनवलेल्या जीपचे 'गो डेव्हिल' इंजिन डेल्मर रूस या अभियंत्याने साठ अश्वशक्तीपर्यंत नेले होते, आणि त्यात हवा-इंधन आत घेणारे (इनटेक) आणि धूर बाहेर सोडणारे असे दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य भागातच, असत. पुढच्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणात, गेले, इंजिन उंच झाले, आणि म्हणून १९५३ च्या सीजे-३बीचे बॉनेट वर उचलावे लागले. आमच्याकडे पुष्कळजण खर्चाचा विचार करून अशा गाडीत डिझेल इंजिन बसवतात. मिस्त्रींनी मात्र व्हॉल्व्ह घासून, रिंगा बदलून जुनेच पेट्रोल इंजिन चालते केले. आता घाटात ते पूर्वीसारखे धापा टाकत नाही.

काम पाहत बसलो असताना जीपच्या जन्माचा विषय निघाला. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने ४९ दिवसांत नमुना मागितला, तेव्हा बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्टने आराखडा केला आणि २३ सप्टेंबरला गाडी सैन्याच्या होलाबर्ड इथल्या तळावर पोहोचली. पुढे मोठ्या मागण्या विलीज आणि फोर्ड यांना मिळाल्या व त्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला एवढे थोडे श्रेय यावे, याचे मला फार वाईट वाटते. भारतात महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि कोकणातल्या जांभ्याच्या कच्च्या वाटांवर ही गाडी रुळली ती तेव्हापासूनच्या परंपरेतून.

पत्राकामाबद्दल विशेष लिहायला हवे. पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी गंजावर पुट्टी भरून वरून रंग मारून दिला होता. खाऱ्या हवेत तो पत्रा आतून कुजतच राहिला. या गॅरेजात ड्रायव्हरच्या पायाखालचा कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढला, नवा तुकडा वेल्डिंगने बसवला, सांध्यांना दोन्ही बाजूंनी प्रायमर दिला आणि तळातली पाणी निघून जाण्याची बुजलेली भोके मोकळी केली. समोरच्या जाळीच्या सातही फटी सरळ करून दिल्या.

सुटे भाग मुंबईहून येईपर्यंत काम थांबते आणि पहिल्या अंदाजापेक्षा बिल बरेच वाढते. मात्र वाढीव कामाची परवानगी प्रत्येक वेळी फोनवर घेतली गेली आणि काढलेले जुने भाग परत मिळाले. ज्यांना मोसमात गाडी हवी आहे, त्यांनी ती पावसाळ्याच्या सुरुवातीलाच नेऊन द्यावी.