पुण्यातली शाळेची व्हॅन : मुलाच्या सीटवरून केलेलं परीक्षण

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की पुण्यात घरोघरी एखादं तरी मूल सकाळी पोट दुखतंय म्हणायला लागतं. पालक बाईंना भेटतात, वह्या चाळतात, वर्गात कुणी त्रास देतं का ते विचारतात. व्हॅनमध्ये तुला कुठे बसवतात, हे मात्र फार थोडे जण विचारतात. धायरी, कात्रज किंवा बावधनहून पेठेतल्या नाहीतर कर्वे रस्त्यावरच्या शाळेत येणाऱ्या मुलाचा जाऊन-येऊन दीड तास गाडीत सहज जातो. त्याची शाळा प्रार्थनेच्या आधी, व्हॅनच्या हॉर्नपासूनच सुरू झालेली असते. म्हणून व्हॅन, रिक्षा आणि शाळेची बस या तिन्हींचं हे परीक्षण आतल्या सीटवरून केलं आहे.

सगळ्यात आधी जागा, कारण मुलाच्या दृष्टीने ही एकच गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे. मारुतीच्या ओम्नी व्हॅनचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, आता रस्त्यावर बहुतेक त्याच कंपनीच्या इको व्हॅन दिसतात. कंपनीने दिलेली सीट समोर तोंड करून असते. पुष्कळ गाड्यांत ती काढून दोन्ही बाजूंना लांबट बाकडी बसवलेली असतात, कारण बाकड्यावर मुलं जास्त मावतात. बाकड्यावर आडवं बसलेल्या मुलाला पुढचा रस्ता दिसत नाही. गाडी वळली हे कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेला कळतं, डोळ्यांना मात्र समोरच्या मुलाचं स्थिर दप्तर दिसत असतं. या विसंगतीतून मळमळ होते आणि साधारण सहा ते बारा या वयात तिचा जोर सर्वांत जास्त असतो. आठवड्यातून दोनदा व्हॅनमध्ये उलटी झालेलं मूल तिसऱ्या आठवड्यात शाळाच नको म्हणतं. उलटीपेक्षाही त्याला बाकीच्यांनी नाकं दाबून केलेला आरडाओरडा जास्त लागलेला असतो, पण ते घरी सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात.

बाकडी असलेली गाडी सरळ नाकारावी. ते शक्य नसेल तर मळमळणाऱ्या मुलासाठी समोर तोंड असलेली, खिडकीजवळची जागा वर्षभरासाठी ठरवून घ्यावी. निघायच्या आधी पेलाभर दूध घशाखाली ढकलू नये. अर्धी पोळी किंवा एखादं केळं, तेही अर्धा तास आधी, एवढं पुरतं. आलेपाकाची एक वडी खिशात द्यावी, बऱ्याच मुलांना तिचा उपयोग होतो. गाडीत पुस्तक किंवा मोबाईल नको. उलटीसाठी जाड कागदी पिशवी दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात हवी, आत डब्याखाली दडपलेली पिशवी ऐन वेळी हाताला लागत नाही. गाडी सीएनजीवर असेल आणि मागे बसणाऱ्या मुलांना वास येत असेल तर ती मळमळ वेगळी, तिथे टाकी आणि जोडण्या तपासायला हव्यात. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली टाकीची मजबुती तपासणं, दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख गाडीत लावलेल्या पट्टीवर असते. ती बघायला मागितल्यावर चालक नाराज झाले तरी चालेल.

जागा ठरलेली असण्याचा आणखी एक फायदा आहे. रोज चढताना जागेसाठी ढकलाढकली झाली की लहानगं मूल हरतं आणि मागच्या कोपऱ्यात सहावी-सातवीच्या मुलांमध्ये जाऊन पडतं. टोपणनावं पाडणं, डबा उघडून खाणं, बाटली खिडकीबाहेर धरणं हे सगळं तिथेच चालतं, आणि चालकाला आरशात ते दिसत नाही. चांगल्या सेवेत लहान मुलं पुढे, मोठी मागे, आणि प्रत्येकाच्या जागेची यादी मदतनीसाकडे, एवढी साधी शिस्त असते. एवढ्यानेच अर्धी भांडणं संपतात.

आता मार्ग. चौकशीला गेलेले पालक 'घ्यायला किती वाजता येता' एवढंच विचारतात. खरा प्रश्न असा आहे की परतीचा मार्ग सकाळच्याच क्रमाने जातो की उलटा. उलटा जात असेल तर सकाळी सर्वांत आधी चढलेलं मूल दुपारी सर्वांत शेवटी उतरतं, म्हणजे दोन्ही वेळचा सगळ्यात लांब प्रवास त्याच्याच वाट्याला. सकाळचाच क्रम पाळला तर जे पहिलं चढलं ते पहिलं उतरतं आणि प्रवास सारखा वाटला जातो. दहा थांबे आणि प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर वीस मिनिटं नुसती थांबण्यात जातात. सोसायटीच्या आत वळून लिफ्टची वाट बघणारी गाडी एका थांब्याला चार मिनिटं खाते. त्यामुळे 'घराच्या दारातून नेतो' ही जाहिरात ऐकायला छान असली, तरी गाडीतल्या बाकी नऊ मुलांच्या सकाळी त्यात खर्च होतात. सोसायटीच्या गेटवर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं, अशी अट घालणारी सेवा जास्त चांगली समजावी.

वेळेचं गणित २०२४ पासून बदललं आहे. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा मांडल्यानंतर राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. मुलांच्या दृष्टीने निर्णय चांगलाच आहे, साडेपाचला उठवलेलं सहा वर्षांचं मूल पहिल्या तासाला पेंगतं हे कोणतीही बाई सांगेल. पण ज्या शाळांनी वेळ बदलली, तिथे पूर्वी एकाच फेरीत येणारी धाकटी आणि थोरली भावंडं आता वेगळ्या फेऱ्यांत गेली आणि धाकट्यांची फेरी नेमकी ऑफिसच्या गर्दीत आली. सात वाजता सिंहगड रस्ता ज्या वेळात ओलांडता येतो, तेवढ्या वेळात साडेआठला होत नाही. पहिली फेरी उशिरा संपली की दुसरी उशिराच सुरू होते. मग प्रार्थना सुरू असताना गेटबाहेर उभं राहायचं, डायरीत शेरा घ्यायचा, आणि ज्यात आपली काही चूक नाही त्याबद्दल सगळ्यांदेखत बोलणी खायची. शाळेची भीती बसायला असे चार दिवस पुरतात. सेवा ठरवताना आपलं मूल कितव्या फेरीत आहे आणि दोन फेऱ्यांमध्ये किती मिनिटं सोडली आहेत, हे विचारावं. पंधरापेक्षा कमी सांगितली तर पावसाळ्यात ती फेरी वेळेवर पोचणार नाही असंच धरून चालावं. उलट बाजूही आहे: पहिल्या फेरीतली मुलं कधी कधी शाळेचं फाटक उघडण्याआधी अर्धा तास उतरवली जातात. तेवढा वेळ त्यांच्याकडे कोण बघतं, याचं उत्तर शाळेकडून घ्यावं.

गणेशोत्सवात मध्यवस्तीतले रस्ते संध्याकाळी बंद व्हायला लागतात, आणि दुपारच्या शाळा सुटतात त्याच सुमाराला. त्या दहा दिवसांसाठी उतरवायची जागा आधीच ठरवून मुलाला एकदा चालवत नेऊन दाखवावी. आयत्या वेळी 'अलका चौकात या' असा फोन आला की पालक वाहतुकीत अडकतात आणि मूल गर्दीत रडत उभं राहतं.

मदतनीस ताई नसलेली व्हॅन स्वस्त पडते, तरी घेऊ नये. चालकाने उतरून मुलाला रस्ता ओलांडून द्यायचा म्हटलं तर मागे बाकीची मुलं सुरू गाडीत एकटी राहतात. इकोला दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आहेत. उजवीकडचा कायम लॉक हवा, चढउतार डावीकडूनच व्हायला हवी, आणि दरवाजा ओढताना सगळ्यांचे हात मांडीवर आहेत ना हे बघणारं माणूस हवं. बोटं सापडतात ती याच दरवाजात. शेवटचं मूल उतरल्यावर ताईंनी मागच्या सीटपर्यंत जाऊन झोपलेलं कुणी राहिलं नाही ना हे रोज बघायचं असतं. शेवटचं मूल चालकाबरोबर एकटं राहणार नाही, ही अट तर बोलून, स्पष्टपणे घालावी. ती मागताना संकोच वाटू देऊ नये, चांगल्या काकांना तिचा राग येत नाही.

कागदपत्रं. महाराष्ट्रात शालेय बसबाबतचे नियम २०११ पासून आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, अध्यक्ष मुख्याध्यापक. ही समिती कागदावरच असते अशी तक्रार सर्रास होते. पालक सभेत तिच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागितलं की खरं काय ते कळतं. गाडीची पाटी पिवळी, त्यावर काळे आकडे, हे बघायला क्षणही लागत नाही. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, तिला भाड्याने मुलं नेण्याची परवानगी नाही. गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये टाकला की फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, आणि विमा यांची मुदत दिसते. आठ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. त्याशिवाय अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि खिडक्यांना आडवे गज. पेटीतल्या औषधांवरच्या तारखाही वाचाव्यात.

रिक्षाबद्दल थोडं. मुलांना रिक्षा मनापासून आवडते. ती उघडी असते, वारा लागतो, मळमळ कमी होते, काका प्रत्येकाला नावाने हाक मारतात. दोन किलोमीटरच्या आत आणि आसनाइतकीच मुलं असतील तर पहिली-दुसरीच्या मुलासाठी रिक्षा वाईट नाही. पण मागच्या सीटसमोर आडवी फळी टाकून तिच्यावर उलट्या तोंडाची दुसरी रांग बसवली, चालकाच्या शेजारी एक आणि दप्तरं बाहेर आकड्यांना लटकवलेली, असं चित्र असेल तर ती सेवा अंतर कितीही कमी असलं तरी घेऊ नये. फळीवरचं मूल ब्रेक लागला की पाठीवर आदळतं. पावसात बाजूचा पडदा सोडला की आतली हवा कोंडते आणि फळीवरच्यांचे पाय भिजतात ते भिजतातच.

शाळेची मोठी बस नियमांत सर्वांत नीट बसते आणि लांबच्या अंतराला तीच घ्यावी. तिच्यात मुलाला हरवल्यासारखं वाटतं, हा तिचा दोष. पहिले दोन आठवडे ओळखीच्या एखाद्या ताई-दादाशेजारी जागा मागून घ्यावी. एक किलोमीटरच्या आत घर असेल तर यातलं काहीच नको, हात धरून चालत न्यावं.

घरी आल्यावर 'शाळेत काय केलं' या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर येतं. त्याऐवजी 'आज गाडीत शेजारी कोण होतं', 'पहिलं कोण उतरलं' असं विचारावं. पाण्याची बाटली रोज उघडून बघावी. ती भरलेली परत येत असेल तर बहुधा मूल मुद्दाम पाणी पीत नाही, कारण परतीच्या लांब प्रवासात शू लागली तर सांगायची सोय नाही. घरात पाऊल टाकताच चप्पल न काढता मोरीकडे धावणारं मूल हेच सांगत असतं. उपाय सोपा आहे: शाळा सुटल्यावर गाडीत बसायच्या आधी पाच मिनिटं स्वच्छतागृहासाठी, आणि ते वर्गशिक्षिकेशी आणि काकांशी बोलून ठरवायचं. पोटदुखी व्हॅनच्या वेळेआधी सुरू होऊन व्हॅन निघून गेल्यावर थांबत असेल, तर चार दिवस स्वतः सोडून बघावं. हसत गेलं, तर दुखणं गाडीत आहे. तरीही पाय ओढत असेल, तर मग वर्गात काय चाललंय ते बघायचं आणि व्हॅनला दोष द्यायचा नाही. दोन्ही प्रकारांत दुखत असेल तर आधी डॉक्टर.

पैशांबाबत काकांची बाजूही खरी आहे. इंधन, विमा, फिटनेस, ताईंचा पगार आणि मे महिन्यात उभी राहिलेली गाडी हे सगळं माणशी शुल्कातूनच निघतं. काही जण दहा महिन्यांचे पैसे घेतात, काही अकरा. मे महिन्याचे निम्मे मागणंही अवाजवी नाही. शुल्क घासाघीस करून उतरवलं की ती तूट एक जादा मूल बसवून भरून काढली जाते, आणि ते मूल आपल्याच मुलाच्या शेजारी दाटीवाटीने बसतं. म्हणून पैसे कमी करायला सांगण्यापेक्षा मुलांची संख्या लिहून घ्यावी, आणि काका सुट्टीवर असतील तर बदली चालकाचा फोटो आणि नंबर आदल्या रात्री पालकांना मिळेल हेही.

सेवा बदलायचीच असेल तर दिवाळीची सुट्टी त्याला बरी. एक महिना आधी सांगावं, आणि नवी गाडी सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी काकांना गेटवर बोलावून मुलाला रिकाम्या गाडीत त्याच्या ठरलेल्या जागेवर पाच मिनिटं बसू द्यावं.