तोरीचे फोटो तालुक्याच्या लॅबमध्ये: बांधणी पक्की, रंगावर मात्र लक्ष ठेवा

बस स्टँडमागच्या या लॅबचा धंदा लग्नसराईवर चालतो आणि ते प्रत्येक प्रिंटमध्ये दिसतं. नवरीचा चेहरा उजळ यावा म्हणून मशीनचं सेटिंग बाराही महिने तसंच लावलेलं असतं. त्याच सेटिंगमधून जपानमधल्या क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानाचे फोटो गेले की घोटाळा होतो. तिथल्या तोरी, म्हणजे शिंतो या जपानी धर्माच्या देवस्थानाच्या कमानी, नारिंगीकडे झुकणाऱ्या लाल आहेत. ऑटो करेक्शन त्यातला पिवळेपणा चेहऱ्यावरचा समजून काढून टाकतं आणि कमान थेट कुंकवाच्या रंगाची येते. खांबाच्या बुडाशी असलेला काळा पट्टाही राखाडी होतो.

म्हणून काउंटरवर पहिलं वाक्य हेच: ऑटो करेक्शन बंद करा. ‘फिके येतील’ असं उत्तर मिळेल, येऊ द्या. ४×६ ची एक टेस्ट प्रत काढायला लावा आणि ती ट्यूबलाइटखाली नाही, दुकानाबाहेर उजेडात पाहा. रंग कसा हवा हे आकड्यांत सांगून उपयोग नाही. ‘पारावरच्या मारुतीच्या शेंदरासारखा’ म्हटलं की ऑपरेटरच्या ध्यानात येतं. नुकतीच लाइन येऊन मशीन सुरू झालं असेल तर ते पुरतं तापेपर्यंत थांबा, तोवरच्या प्रतींचा रंग हलतो.

काही दोष लॅबचे नसतात. फोनने लाल रंग इतका भडक घेतलेला असतो की लाकडाच्या रेषाच उरत नाहीत, नुसता लाल पत्रा दिसतो. ते कुठलीच लॅब परत आणू शकत नाही. आयफोनच्या एचईआयसी फाइल इथल्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, घरूनच एसआरजीबी (रंगांचं नेहमीचं प्रमाण) जेपीईजी करून पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाइल ४×६ ला चालून जाते. १२×१८ ला मात्र ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ५४००×३६०० पिक्सेल लागतात.

खरी डोकेदुखी एडिटिंगची. तोरीचे दोन खांब वर जाताना आत झुकलेले असतात, बांधणीच तशी असते. ऑपरेटरला तो लेन्सचा दोष वाटतो आणि तो खांब सरळ करून टाकतो. मग वरच्या आडव्या तुळईची टोकं ताणली जातात आणि तिचा उचललेला बाक सपाट होतो. जपानच्याच मियाजिमा बेटाच्या समुद्रातल्या मोठ्या तोरीचं तर विचारूच नका. सुमारे १६ मीटर उंचीची आजची कमान १८७५ ची आहे आणि तिचे मुख्य खांब म्हणजे कापराच्या झाडांची खोडं. ती वेडीवाकडीच असायची. ऑर्डरवर ‘सरळ करू नये’ असं लिहूनच द्या.

दुसरी खोड म्हणजे समोरासमोरची दोन पानं जुळावीत म्हणून एक फोटो उलटवणं. नवरा-नवरीच्या फोटोत ते खपतं. फुशिमीत वर चढताना कमानी कोऱ्या दिसतात, उतरताना मागच्या बाजूला दान देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली दिसते. फोटो उलटवला की ती अक्षरं आरशातली होतात. लॅबमध्ये ते कुणाला कळणार नाही, तुमच्याकडे आलेल्या जपानी वाचणाऱ्या पाहुण्याला कळेल. चढतानाचे आणि उतरतानाचे फोटो मिसळण्याचं कारण मात्र साधं आहे. फोन जपानची वेळ आपोआप घेतो, कॅमेरा भारताच्याच वेळेवर राहतो, म्हणजे साडेतीन तास मागे. लॅब वेळेनुसार लावते. फाइलला ००१ पासून नंबर देऊन टाका.

८×१० मागू नका. कॅमेऱ्याचा फोटो त्या उंचीला ८×१२ होतो, दोन इंच कापले जातात आणि आडव्या फोटोत नेमकी तुळईची टोकं जातात. ८×१२ घ्या, नाहीतर पांढरी कड ठेवून पूर्ण फोटो बसवायला सांगा.

आता चांगलं. करिझ्मा अल्बमची, म्हणजे जाड पानांवर थेट फोटो छापलेल्या अल्बमची, बांधणी शहरातल्या लॅबपेक्षा उजवी आहे. १२×३६ चं पान सपाट उघडतं, कोपरे नीट कापलेले, गोंद बाहेर आलेला नाही. घडी मात्र मधोमध येते, त्यामुळे कमानीवरची नावाची पाटी तिच्यात सापडते. कमान एका बाजूच्या पानावर सरकवायला सांगा. कागद मॅटच घ्या. ग्लॉसीवर लाल रंग दुकानात झकास दिसतो, घरी खिडकीचा उजेड पडला की नुसती चमक. टोकियोच्या मेइजी जिंगू देवस्थानाच्या बिनरंगी लाकडी तोरीलाही मॅटच शोभतो. तिथे रंग नाही, लाकडाचा पोत आहे. लॅमिनेशनचे पैसे वाचवू नका, नाहीतर पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. अल्बम टिनाच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात पाठीचा गोंद सुटतो. आलमारीत आडवा ठेवा.

पानांची रचना छापण्याआधी स्क्रीनवर दाखवतात, पण मागितली तरच. अल्बम एरवी आठ-दहा दिवसांत हातात येतो. तुळशीचं लग्न लागलं की तोच महिन्यावर जातो, तेव्हा फाइल दिवाळीच्या आधी देऊन टाका.