५०६० टीआय की ९०६० एक्सटी? जुन्या बोर्डावर जड गेम खेळणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत निपाणीहून मामेभावाचा फोन आला. "दादा, नवीन कार्ड घातलोय, पण गेम गचके खातोय बघ की." शनिवारी माझं एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ग्राफिक्स कार्ड पिशवीत घालून बेळगावहून गेलो. त्याच्या टेबलावर एनव्हीडियाच्या आरटीएक्स ५०६० टीआयचा खोका होता आणि त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ८ जीबी. दुकानात त्याने १६ जीबीचं मागितलं होतं. "नाव तर तेच हाय की ओ," तो म्हणाला.

नाव खरंच तेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेलं ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी मेमरी अशा दोन प्रकारांत मिळतं, आणि जून २०२५ मधलं ९०६० एक्सटीसुद्धा. म्हणून एनव्हीडिया की एएमडी हा प्रश्न नंतरचा. आधी ८ की १६ ते ठरवा.

त्याचा पीसी आपल्याकडे घरोघरी दिसतो तसलाच: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १०८०पी मॉनिटर. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल लावला. या गेममध्ये टेक्स्चर पूल नावाची सेटिंग आहे. कार्डाची किती मेमरी टेक्स्चरसाठी, म्हणजे भिंती-वस्तूंवर चढवलेल्या चित्रांसाठी, राखायची ते ती ठरवते. त्याने ती वर नेऊन ठेवली होती. व्हॅटिकनच्या गल्लीत कॅमेरा वळवला की चित्र थिजायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) साफ करून माझं १६ जीबीचं कार्ड बसवलं, सेटिंगला हात लावला नाही. त्याच वळणावर चित्र सरळ पुढे गेलं. मामेभावाने माऊस माझ्या हातातून घेतला आणि तीच गल्ली चार वेळा फिरून बघितली.

कारण साधं आहे. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल बोर्डावरच्या रॅममधून आणावा लागतो, आणि तो येतो बोर्ड आणि कार्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने. ५०६० टीआय या वाटेच्या ८ च लेन वापरतं, ९०६० एक्सटी १६. बी४५० बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे ८ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी माल येणार. नव्या बोर्डावर हा त्रास कमी होतो. जुना बोर्ड ठेवून फक्त कार्ड बदलणाऱ्याने मात्र ८ जीबीचं ५०६० टीआय घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरासरी एफपीएसवरून, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात त्यावरून, हे कळत नाही. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. शंभरातली एकच फ्रेम ८० मिलिसेकंदांनी आली तरी सरासरी फारशी हलत नाही, पण डोळ्याला धक्का बसतोच. म्हणून कुठलाही आढावा बघताना '१ टक्का लो' (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा आधी शोधा.

आता १६ जीबीची दोन्ही कार्डं समोरासमोर. टिळकवाडीतला माझा मित्र लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, त्याच्याकडे १६ जीबीचं ५०६० टीआय आहे. सायबरपंक २०७७ मध्ये पाथ ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावल्या काढणाऱ्या रे ट्रेसिंगचा सगळ्यात जड प्रकार) लावलं की माझं कार्ड त्याच्यापुढे स्पष्ट मागे पडतं. रात्रीच्या पावसात रस्त्यावर पडलेले निऑनचे रंग त्याच्या पडद्यावर बघितले आणि मला माझ्या कार्डाची मर्यादा कळली. एनव्हीडियाचं डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) जास्त गेममध्ये मिळतं. एएमडीचं तसलंच एफएसआर ४ चित्र छान राखतं, पण तेवढ्या गेममध्ये नाही. ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा एडिटिंगवर पोट असेल तर ५०६० टीआयच घ्या. साध्या सेटिंगवर, रे ट्रेसिंग बंद किंवा हलकं ठेवून खेळणार असाल तर फरक एवढा नाही की त्यासाठी जास्त पैसे मोजावेत. बाजारात आली तेव्हा १६ जीबीच्या ५०६० टीआयची किंमत ४२९ आणि ९०६० एक्सटीची ३४९ डॉलर होती. त्या ८० डॉलरच्या फरकात चांगला पॉवर सप्लाय बसतो.

इंटेलचं आर्क बी५८० हे कार्ड स्वस्त आहे आणि मेमरी १२ जीबी आहे, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर भार टाकतो. रायझन ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर ते अडतं, शिवाय रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सेटिंग) चालू लागतं. नवा पीसी बांधत असाल तरच विचार करा. साधं, टीआय नसलेलं ५०६० ८ जीबीचं. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइकसारखे हलके गेम खेळणाऱ्यांना ते भरपूर झालं.

विजेचंही बघायला हवं. खानापूरकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते हे सांगायला नको. ९०६० एक्सटी १६० वॉट घेतं, ५०६० टीआय १८०, बी५८० १९०. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. प्रोसेसर आणि मॉनिटर धरून तो गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता पुरतो. खेळ चालू ठेवायचा प्रयत्न करू नका.

खोका फोडला म्हणून दुकानदाराने मामेभावाचं कार्ड बदलून दिलं नाही. टेक्स्चर पूल खाली आणल्यावर त्याचे गचके थांबले. जवळ गेल्यावर भिंती थोड्या पुसट दिसतात एवढंच. आता त्याच्या मित्राला कार्ड घ्यायचंय. रविवारी तिघं कोल्हापूरला जाणार आहोत, आणि "बिलावर १६ जीबी लिहा आधी" हे वाक्य मामेभावाने आत्ताच पाठ करून ठेवलंय.